पहिली व्हेप 'कमीत कमी निकोटिनची' घ्या? वर्षानुवर्षं ओढणाऱ्याला हा सल्ला देऊ नका

गेले काही महिने इथल्या मराठी ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय, मला तो तीन-चार ठिकाणांहून आला, आणि ओळखीच्या एका काकूंनी तर "आमच्या ह्यांच्यासाठी घ्यायचीये गं, हे बरोबर आहे का बघ" म्हणून मुद्दाम पाठवला. मेसेजात थोडक्यात असं आहे: वर्षानुवर्षं दिवसाला पाकीट-दोन पाकिटं ओढणाऱ्याने पहिली ई-सिगारेट, म्हणजे व्हेप, घेताना निकोटिन कमीत कमी घ्यावं, शून्य मिळालं तर उत्तम, कारण कॅन्सर निकोटिनने होतो. मशीन मोठं, भरपूर धूर काढणारं घ्यावं. सिगारेट बंद करायची गरज नाही, अर्ध्यावर आणली की नुकसानही अर्धं. वाफ म्हणजे नुसतं पाणी, घरात बिनधास्त ओढा. आणि शेवटी, इंडियाला जाताना बाबांसाठी एक बॅगेत टाका, स्वतःच्या वापरापुरती चालते.

मी इंग्लंडमध्ये लोकांना सिगारेट सोडायला मदत करण्याचं काम करते. समोर येऊन बसणारे बहुतेक वीस-तीस वर्षं ओढलेले असतात. या पाचही गोष्टी चुकीच्या आहेत, पण सगळ्यात जास्त मी पहिल्या मुद्द्यावर बोलणार आहे, कारण त्या एका सल्ल्यापायी व्हेप घेतलेली माणसं परत सिगारेटवर गेलेली मी सतत बघते. आणि एक आधीच सांगते, हे सगळं फक्त जुन्या स्मोकरसाठी आहे. जो ओढतच नाही त्याने, आणि शाळा-कॉलेजातल्या पोरांनी, यातलं काहीही हातात घ्यायचं नाही.

तर निकोटिन. माणूस सिगारेटकडे परत परत जातो तो निकोटिनसाठी, पण त्याचा जीव जातो तो धुराने. मायकल रसेल नावाच्या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी हे १९७६ सालीच लिहून ठेवलंय, तेव्हा ई-सिगारेट कुणाच्या स्वप्नातही नव्हती. तंबाखू जळते तेव्हा सात हजारांवर रसायनं तयार होतात, त्यातली सत्तरेक कॅन्सर करणारी, शिवाय टार फुफ्फुसात बसत राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो. निकोटिन साधुसंत आहे असं मी म्हणत नाहीये, ते व्यसन लावतं, ठोके आणि बीपी वाढवतं, गरोदर बाईने आणि वाढत्या वयाच्या मुलांनी त्याच्यापासून लांबच राहावं. पण कॅन्सरचं खापर त्याच्या डोक्यावर फोडणं चूक आहे. तसं असतं तर निकोटिनचे गम आणि पॅच डॉक्टर इतकी दशकं देत आलेच नसते.

आता कुणी म्हणेल, ठीक आहे, पण कमी घेतलं तर बिघडलं कुठे? बिघडतं ते असं. एका सिगारेटमधून शरीरात साधारण एक ते दोन मिलिग्रॅम निकोटिन जातं. दिवसाला तीस ओढणाऱ्याच्या शरीराला किती सवय लागलेली असते याचा हिशोब तुम्हीच करा. अशा माणसाच्या हातात ३ मिलिग्रॅमचं लिक्विड (हे आकडे दर मिलिलिटर लिक्विडमागे असतात) भरलेली छोटी व्हेप दिली की तो झुरक्यावर झुरके मारत बसतो, घसा सुकतो, तोंडात गोड चव राहते, पण तलफ काही भागत नाही, चिडचिड व्हायला लागते, घरात भांडणं होतात आणि दोन-तीन दिवसांत "हे आपल्याला लागू पडत नाही" म्हणून व्हेप ड्रॉवरमध्ये आणि हात पाकिटावर. त्या माणसाची जिद्द कमी पडली असं घरचे म्हणतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण जिद्दीचा प्रश्नच नसतो, डोस कमी पडलेला असतो.

'लाइट' सिगारेटच्या वेळी हेच झालं होतं. फिल्टरला बारीक भोकं पाडून मशीनवर आकडे कमी दाखवले, पण माणसं मशीनसारखी ओढत नाहीत, त्यांनी नकळत बोटांनी भोकं दाबली, झुरके लांब केले आणि हवं तेवढं निकोटिन काढून घेतलंच, टारसकट. व्हेपमध्येही तेच दिसतं. लंडन साउथ बँक युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये छापलेल्या अभ्यासात व्हेप करणाऱ्या त्याच लोकांना ६ आणि १८ मिलिग्रॅमचं लिक्विड देऊन बघितलं, कमीवाल्यावर असताना ते जास्त आणि लांब झुरके घेत होते, जास्त लिक्विड संपवत होते आणि फॉर्माल्डिहाइडही जास्त आत घेत होते. म्हणजे कमी निकोटिनने सुरक्षित राहायला गेलो आणि नको ते जास्त ओढून बसलो.

उलट बाजूचा पुरावा हवा असेल तर २०१९ चा लंडनचा पीटर हायेक यांचा अभ्यास आहे. सोडायची इच्छा असलेले ८८६ स्मोकर, अर्ध्यांना पॅच-गमसारखी औषधं, अर्ध्यांना भरता येणारी साधी ई-सिगारेट आणि सोबत १८ मिलिग्रॅमचं लिक्विड, दोन्हीकडे समुपदेशन सारखंच. वर्षाने सिगारेट पूर्ण सुटलेले पहिल्या गटात ९.९ टक्के, व्हेपवाल्या गटात १८ टक्के. याच अभ्यासातली दुसरी गोष्टही लपवायची नाही: व्हेपने सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. सिगारेट गेली पण निकोटिन राहिलं. ज्याला ते चालणार नसेल त्याने पॅच-गम किंवा गोळ्यांनी सुरुवात करावी, कुणी अडवलेलं नाही.

मग घ्यायचं किती? मी रोज किती ओढता हे नंतर विचारते, आधी विचारते सकाळी उठल्यावर पहिली कधी पेटवता. अर्ध्या तासाच्या आत, चहाच्याही आधी, असं उत्तर आलं तर त्या माणसाला १८ ते २० मिलिग्रॅमने सुरुवात करायला सांगते. ब्रिटनमध्ये कायद्याने कमाल मर्यादाच २० आहे, पॉडवर, म्हणजे व्हेपच्या लिक्विडच्या छोट्या कप्प्यावर, ती बऱ्याचदा २ टक्के अशी लिहिलेली असते. एवढं कडक घशाला लागेल असं वाटत असेल तर 'निक सॉल्ट' लिहिलेलं घ्या, ते २० मिलिग्रॅमलाही मऊ लागतं, साधं निकोटिन त्या ताकदीला खवखवतं. आणि झुरका सिगारेटसारखा जोरात ओढायचा नाही, सावकाश तीन-चार सेकंद, तोंडात घेऊन मग आत, नाहीतर लिक्विडच तोंडात येतं. जास्त झालंच तर शरीर सांगतं, डोकं हलकं होतं, मळमळतं, उचकी लागते, की ठेवून द्यायची. कमी करत न्यायचं ते पुढे काही महिन्यांनी, सिगारेटची आठवण बंद झाल्यावर.

मोठ्या मशीनचं आता. जास्त ओढणाऱ्याला जास्त दणकट मशीन, हे ऐकायला पटतं, पण ती मोठी मशीनं थेट फुफ्फुसात ओढायची असतात, हुक्क्यासारखी, त्यांची कॉइल, म्हणजे लिक्विड तापवणारी तार, शून्य पॉइंट काहीतरी ओहमची, पॉवर साठ-सत्तर वॅट आणि लिक्विड दाट. सिगारेट कुणी तशी ओढत नाही. तीस वर्षं ज्या पद्धतीने ओढलं त्याच्या जवळ जाणारी वस्तू म्हणजे छोटी पॉड किट, एक ओहमच्या आसपासची कॉइल, पॉवर दहा-पंधरा वॅट, लिक्विड फिफ्टी-फिफ्टी, म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन समसमान असलेलं. आणि मोठ्या मशीनमध्ये चुकून २० मिलिग्रॅम भरलं तर पहिल्या दोन झुरक्यांत माणूस भोवळ येऊन खाली बसतो. शिवाय त्यातल्या बऱ्याच मशीनना सुट्या बॅटऱ्या लागतात, त्या किल्ल्यांबरोबर खिशात टाकल्या की शॉर्ट होऊन भाजल्याच्या घटना झालेल्या आहेत. साठीच्या माणसाला हे सगळं कशाला? नवीन पॉड भरली की दहा मिनिटं तशीच उभी ठेवा, कॉइलमधला कापूस लिक्विड पिऊ दे, लगेच ओढली तर कोरडा कापूस जळतो आणि ती जळकट चव शेवटपर्यंत जात नाही, कितीतरी लोक "व्हेप बेचव असते" म्हणतात ते यामुळेच. वापरून फेकायच्या डिस्पोजेबल १ जून २०२५ पासून इथे बंद झाल्या, कुणी काउंटरखालून देत असेल तर घेऊ नका, आत काय भरलंय याची खात्री नाही. आणि विकत घ्यायच्या आधी आपल्या काउन्सिलच्या स्टॉप स्मोकिंग सर्व्हिसला फोन करा, सरकारने २०२३ मध्ये दहा लाख स्मोकरना व्हेप किट द्यायची योजना जाहीर केली होती, बऱ्याच ठिकाणी किट फुकट मिळते.

तिसरं, अर्धी सिगारेट म्हणजे अर्धं नुकसान. हे सगळ्यात गोड आणि सगळ्यात घातक. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बऱ्याच अभ्यासांचं एकत्र विश्लेषण आलं, त्यात दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याच्या हृदयविकाराचा वाढीव धोका हा वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळजवळ निम्मा निघाला. विसाव्या हिश्शाएवढा नाही, निम्मा! वीसच्या दहा केल्या तर हृदयाच्या बाबतीत हाती किती लागलं बघा.

माझ्या टेबलावर श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं छोटं यंत्र असतं. पुठ्ठ्याची नळी लावायची, पंधरा सेकंद श्वास रोखायचा, मग सावकाश फुंकायचा, आकडा येतो. पक्क्या स्मोकरचा वीस-पंचवीसच्या वर सहज जातो, न ओढणाऱ्याचा दोन-तीन. आता "मी अर्ध्यावर आणली" असं अभिमानाने सांगणारे जेव्हा फुंकतात तेव्हा आकडा बऱ्याचदा फारसा उतरलेला नसतो, कारण उरलेली प्रत्येक सिगारेट ते मुळापर्यंत ओढतात. आणि ज्याने सिगारेट पूर्ण थांबवली आणि २० मिलिग्रॅमची व्हेप दिवसभर ओढतोय, त्याचा आकडा एक-दोन दिवसांत न ओढणाऱ्यासारखा येतो. काही जळतच नाही तर कार्बन मोनॉक्साइड येणार कुठून. एका काकांनी तो आकडा बघून नळी बदलून परत फुंकलं, मशीन बिघडलंय म्हणाले.

सुरुवातीचे एक-दोन आठवडे दोन्ही चालू राहिलं तर ठीक, पण तारीख ठरवा आणि शेवटचं पाकीट घरात ठेवू नका. एक गोष्ट मात्र हमखास राहून जाते: धुरातल्या रसायनांमुळे लिव्हर काही औषधं भराभर संपवत असतं, सिगारेट थांबली की तो वेग उतरतो आणि तेवढ्याच गोळीचा असर वाढतो. दम्याचं थिओफिलिन, मानसिक आजारातलं क्लोझापिन, ओलान्झापिन घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. कॉफीचंही तसंच, सिगारेट सुटल्यावर छातीत धडधडतंय, झोप नाही म्हणून घाबरलेल्यांना मी आधी कॉफी अर्धी करायला सांगते.

वाफ म्हणजे पाणी नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवर आणि निकोटिन यांचे ते बारीक थेंब असतात. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये दीर्घकाळचा धोका सिगारेटच्या ५ टक्क्यांहून जास्त असण्याची शक्यता कमी आहे असं म्हटलं, म्हणजे धोका बराच कमी, शून्य नव्हे, आणि चाळीस वर्षं व्हेप ओढलेला माणूस अजून कुणी बघितलेलाच नाही. लहान मुलांच्या खोलीत ओढू नका, आणि लिक्विडची बाटली औषधासारखी कुलपात ठेवा, ती पोटात गेली तर विष आहे. "व्हेपने फुफ्फुसं जातात, अमेरिकेत माणसं मेली" हे दुसऱ्या टोकाचे मेसेजही येतात. २०१९ ची ती लाट खरी होती, फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ लोक ॲडमिट झाले किंवा दगावले, मृत्यू ६८, पण मुख्य कारण गांजाच्या काळ्या बाजारातल्या कार्ट्रिजमध्ये मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट होतं. रस्त्यावरचा बेनामी माल घेऊ नये, हे त्यातून नक्की कळतं.

आणि शेवटचं, बॅगेत टाकून इंडियाला न्यायचं. अजिबात नेऊ नका. १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम आला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला, त्यात ई-सिगारेटचं उत्पादन, विक्री, साठवण, जाहिरात, वाहतूक आणि आयात सगळ्यावर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, परत सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. वैयक्तिक वापरासाठी आणली तर चालते अशी सूट आयातीच्या कलमात नाही. आणि पुण्या-मुंबईत चोरून मिळतात त्यांच्यात काय आणि किती भरलंय हे तपासणारं कुणी नाही, बाबांना ती तर मुळीच देऊ नका.

तिकडे बाबांसाठी रस्ता दुसरा आहे. सरकारची तंबाखू सोडायची हेल्पलाइन १८००-११-२३५६, फुकट आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर व्हॅरेनिक्लिन किंवा ब्युप्रोपिऑन या सिगारेट सोडायच्या गोळ्या मिळतात. निकोटिनचा गम केमिस्टकडे मिळतो, पण तिथेही डोसची तीच चूक होते, उठल्याउठल्या पेटवणाऱ्याला २ मिलिग्रॅमचा गम पुरत नाही, ४ चा लागतो, डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारा. आणि तो च्युइंग गमसारखा चघळत बसायचा नाही, थोडा चावायचा, जीभ चुरचुरली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, चव गेली की परत चावायचा, असं अर्धा तास. चहा-कॉफी प्यायल्यावर लगेच घेतला तर निकोटिन नीट शोषलंच जात नाही, मध्ये पंधरा मिनिटं जाऊ द्या.