आमच्या गॅरेजचं इन्स्पेक्शन

माझ्या ड्रिल मशीनला लाल टॅग लागला आहे. टॅग म्हणजे पुठ्ठ्याचं छापील कार्ड, वर भोक, भोकात दोरा. त्यावर निळ्या शाईत, चीड यावी इतक्या सुवाच्य अक्षरात लिहिलंय : वस्तू – ड्रिल मशीन. नग – १. कारण – वापर अनियमित. निर्णय – प्रलंबित. खाली सही. सही माझी नाही, घरातल्या कुणाचीही नाही. समोरच्या इमारतीत मुलाकडे राहायला आलेल्या, माझ्याशी ना नातं ना गोतं अशा एका गृहस्थांची ती आहे.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. पूजेसाठी हत्यारं आधी सापडायला हवीत, एवढ्या साध्या हेतूने मी आदल्या दिवशी गॅरेज आवरायला काढलं. पुण्यातल्या जुन्या सोसायटीतलं हे शटरवालं गॅरेज वडिलांनी फ्लॅटबरोबर हौसेने घेतलं होतं. त्यात गाडी उभी असलेली मी तरी पाहिलेली नाही. गाडी बाहेर रस्त्यावर, झाडाखाली, कावळ्यांच्या ताब्यात. आत माझं वर्कशॉप : एक बाक, बाकाला व्हाइस, भिंतीवर फळ्या, फळ्यांवर डबे. आवरायचं तर आधी सगळं बाहेर आणून मांडावं लागतं, आणि बाहेर आणलेलं सामान दुप्पट होतं हे ज्यांनी कधी माळा उपसलाय त्यांना सांगायला नको. अकराच्या सुमारास शटरपासून गेटपर्यंत पान्हे, पकडी, कानशी, करवती, बिजागऱ्या, जुन्या पंख्याचा तो चौकोनी, तापणारा रेग्युलेटर आणि वडिलांची चेतक स्कूटर, असं सगळं मांडून झालं होतं.

तेवढ्यात ते आले. पांढरे बूट, कमरेला पाऊच, हात मागे बांधलेले.

"विकायला काढलंय?"

"नाही, आवरतोय."

"आवरताय." त्यांनी हा शब्द तोंडात जरा घोळवला. "सिस्टिम काय आहे?"

"कसली सिस्टिम?"

"आवरायची. काहीतरी असेल ना. का नुसतंच आवरताय?"

मी नुसतंच आवरत होतो. माणसं हजारो वर्षं नुसतंच आवरत आली आहेत. पण हे बोलायच्या आत त्यांनी उजव्या हाताचा अंगठा वर केला आणि म्हणायला सुरुवात केली, "सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके." नवरात्र चालू असल्यामुळे मला क्षणभर वाटलं, हे देवीचं काहीतरी असावं.

तर ते 'फाइव्ह एस' होतं. पिंपरी-चिंचवडच्या ज्या कुठल्या कारखान्यात तुम्ही जाल तिथे गेटच्या आत पहिला बोर्ड त्याचा असतो. जपान्यांची पद्धत. नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, झाडा, हे रोज होईल असा नियम करा, आणि नियम पाळायची शिस्त लावा. माझी आई हे सगळं जपानी न येता, एका दमात आणि बऱ्याच वरच्या पट्टीत सांगायची. पण तिच्याकडे टॅग नव्हते.

"मी क्वालिटीत होतो," ते म्हणाले. त्या सुरात लोक पूर्वी 'मी पलटणीत होतो' म्हणायचे. मग पाऊचमधून सहा इंची स्टीलची पट्टी निघाली. सकाळी फिरायला जाताना जो माणूस स्टीलची पट्टी घेऊन निघतो, त्याला ती कुठेतरी लावायचीच असते.

पहिला मान श्रीखंडाच्या डब्यांना मिळाला.

"यात काय?"

"स्क्रू."

"कुठले?"

"निघालेले."

"कशातून निघालेले?"

"वेगवेगळ्या वस्तूंतून. दुरुस्त करताना उरतात."

"म्हणजे ज्या वस्तूंत हे होते, त्या वस्तू आता यांच्याशिवाय चालतायत?"

मी गप्प. त्यांनी डबा फिरवून पाहिला.

"वर लिहिलंय केशर-वेलची."

"ते पूर्वीचं."

"मग लेबल रद्द का केलं नाही? उद्या नवीन माणूस आला तर?"

माझ्या गॅरेजात नवीन माणूस कुठून येणार? शिफ्ट बदलते का इथे? आणि आलाच एखादा, तर तो पोळीबरोबर स्क्रू खाणार आहे का? हे सगळं मला त्या रात्री अंथरुणात सुचलं. त्या वेळी मी फक्त "हो, ते बघायला पाहिजे" असं म्हणालो, आणि त्याचाच मला अजून राग येतो.

व्हाइसपाशी ते थांबले. ओतीव लोखंडाचा जुना, जड, सुंदर व्हाइस आहे माझा. जबड्यात धरलेली वस्तू सोडत नाही.

"कुठून घेतला?"

"मंगळवार पेठेत, जुन्या बाजारातून." हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे काय मिळत नाही हे विचारावं.

"बिल?"

जुन्या बाजारात बिल मागणारा माणूस मला एकदा तरी बघायचा आहे. लांबून.

मग स्टूल. हा स्टूल मी सागाच्या जुन्या दारातून केलेला आहे. खिळा नाही, सगळे सांधे लाकडात लाकूड अडकवून. त्यांनी तो उचलला, उलटा केला, सुलटा केला.

"प्रोटोटाइप का?"

"नाही. झालेला आहे."

"अच्छा." स्टूल खाली ठेवून त्यांनी बोटाने कोपरा दाबला. स्टूल किंचित हलला. "डुलतोय."

"फरशीला उतार आहे. गॅरेज धुतल्यावर पाणी बाहेर जायला."

"मग उतार धरून करायचा होता." आणि पट्टी पायाखाली गेली. "टॉलरन्स किती ठेवला होता?"

"सूतभर."

टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा फरक. माझ्या उत्तरावर त्यांनी डोळे मिटले. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून जरा जास्त. सुताराकडे, हार्डवेअरवाल्याकडे अजून हेच चालतं. "आमच्याकडे दहा मायक्रॉनला माल परत जायचा," ते म्हणाले. दहा मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. एवढ्या अचूक स्टुलावर बसायचं तर बसणाराही ग्राइंडिंग करून घ्यावा लागेल.

आता मापांचं निघालंच आहे तर माझं ऐकून घ्या. १९५६ साली कायदा झाला आणि आपण टप्प्याटप्प्याने मेट्रिक झालो. कोण झालो? प्लायवूड घ्यायला जा. लांबी-रुंदी आठ बाय चार, फुटांत. त्याच प्लायची जाडी अठरा, मिलिमीटरमध्ये. बिजागरी तीन इंची. ती बसवायला स्क्रू 'पंचवीस-आठ', त्यातले पंचवीस हे मिलिमीटर, आणि आठ हा आठ नंबरचा गेज, तो कशाचाही काहीही नसतो, आठ नंबर असतो. त्याला भोक पाडायचा बिट पुन्हा मिलिमीटरमध्ये. पाण्याचा पाइप अर्धा इंची, पण त्याच्यावर कुठेही पट्टी लावली तरी अर्धा इंच सापडत नाही. बोहरी आळीत, हार्डवेअरच्या दुकानात, काउंटरवर गर्दीत उभं राहून मी 'चार मिलिमीटर जाड, एक इंच लांब' असा स्क्रू मागितला, तर दुकानातला पोरगा मालकाकडे बघतो, मालक माझ्याकडे बघतो, आणि मागचं गिऱ्हाईक पुढे येतं. अशा देशात सूतभर हे अत्यंत सभ्य माप आहे. पण क्वालिटीवाल्याला कोण सांगणार?

स्कूटरकडे ते शेवटी वळले. १९७२ साली आकुर्डीत चेतक निघायला लागली, आणि पुढे लोक नंबर लावून वर्षानुवर्षं तिची वाट बघत. वडिलांनीही बघितली. आलेली स्कूटर त्यांनी लेकीसारखी ठेवली, आणि नंतर ती माझ्याकडे आली. सध्या तिचं इंजिन उघडलेलं आहे.

"रनिंग?"

"होईल."

"टार्गेट डेट?"

"असं काही नाही."

"कार्बोरेटर कुठंय?"

तो आम्रखंडाच्या डब्यात होता. मी सांगितलं नाही.

इथे ते पहिल्यांदा हळहळले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमची चूक नाही. तुम्हाला कुणी गाइड केलं नाही." आणि घरी निघून गेले. मला वाटलं, सुटलो. दहा मिनिटांत ते रबरबँड लावलेला गठ्ठा घेऊन परत आले. लाल टॅग. कारखान्यात नको असलेल्या वस्तूला हा टॅग लावतात, मग ती वस्तू एका कोपऱ्यात जाते, ठरावीक मुदतीत कुणी तिची गरज सिद्ध केली नाही तर तिचा निकाल लागतो.

"कुठून आणले?" मी विचारलं.

"रिटायर झालो तेव्हा घरी घेऊन आलो होतो. कोरे होते. अकरा वर्षं झाली."

मी पुन्हा सांगतो. या माणसाने नोकरी सोडताना कोरे लाल टॅग घरी आणले, मुलाकडे राहायला येताना ते सामानात बांधले, आणि अकरा वर्षं जपून ठेवले. का? लागतील कधीतरी, म्हणून! आणि 'लागेल कधीतरी' हे कारण स्वीकारार्ह नाही, असं त्या टॅगच्या मागे, त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

तोवर बायको खाली आली होती. सकाळपासून मी दोनदा चहा मागितला होता, तो तिने आता आणला, काकांसाठी. सोबत उपासाचा शेंगदाण्याचा लाडू. वीस वर्षं मला जे सांगून ती थकली, ते छापील स्वरूपात, दोऱ्यासकट हातात आल्यावर तिचा चेहरा उजळला. "काका, हे वरच्या माळ्यालाही चालेल का?" दोघं मिळून फिरले. ती वस्तूचं नाव सांगायची, ते कारण लिहायचे. रेग्युलेटर – कालबाह्य. स्कूटर – टार्गेट डेट नाही. स्टूल – मापाबाहेर. ड्रिलला मी जोरात हरकत घेतली. माणूस भिंतीला रोज भोकं पाडत नाही, पाडूही नयेत. पण ज्या दिवशी पाडायचं असतं त्या दिवशी दुसरं काही चालत नाही. पूर्वी छिन्नीने भिंत फोडून आत लाकडी गिट्टी ठोकायचे. ती पावसाळ्यात फुगायची, उन्हाळ्यात सुकायची आणि गणपतीच्या फोटोसकट खाली यायची. जर्मनीत आर्टुर फिशर या गृहस्थांनी १९५८ साली नायलॉनची गिट्टी काढली, तेव्हा कुठे जगाच्या भिंतींवर काही टिकायला लागलं. "त्यांच्या नावावर हजाराहून जास्त पेटंटं होती," मी म्हणालो. "त्यांचं गॅरेज कसं असेल, कल्पना करा!"

"लेबलं असणार," काका म्हणाले.

इथवर मी हसण्यावारी नेलं असतं. पण निघताना ते शटरकडे बघून सहज म्हणाले, "तसंही आता तुमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला जातेय ना? मग हे सगळं कुठे ठेवणार?"

हे कुणी विचारायला नको होतं. नव्या इमारतीत गॅरेज नसतं. नकाशावर पिवळ्या रेघांची चौकट असते, तीही कदाचित लोखंडी पाळण्यात, गाडीवर गाडी चढवून. तिथे बाक ठोकता येत नाही. माझं म्हणणं मांडायला मी मीटिंगला गेलो होतो, तर मला विचारण्यात आलं की 'तुम्ही तिथे करता काय नक्की?' करतो काय! गेल्या महिन्यात शेजारच्यांच्या मिक्सरचा कपलर गेला. दुकानात सांगितलं, दुरुस्त होत नाही, नवीन घ्या. मी पंधरा मिनिटांत बदलून दिला. बिजागरी निखळली म्हणून सुताराला फोन करा. तो 'एवढ्याशा कामाला येत नाही' म्हणतो, आणि आला तर व्हिजिटचे पैसे बिजागरीच्या दसपट. अख्खी बिल्डिंग संध्याकाळी माझ्याकडे डबे, छत्र्या, खुर्च्या घेऊन येते, 'जरा बघा ना' म्हणते, आणि मीटिंगमध्ये हात वर करते पार्किंगच्या बाजूने. त्यांना टॅग लावायचे असते तर मी स्वतः छापून दिले असते.

असो. खंडेनवमीला बायको म्हणाली, टॅग लावलेल्या वस्तू पूजेला कशा ठेवायच्या, त्यांचं अजून ठरलं नाहीये. त्यामुळे यंदा देवीपुढे झेंडूच्या माळेत एक पक्कड, एक टेस्टर आणि एक मेजरिंग टेप एवढेच होते. नैवेद्य मात्र पूर्ण.

टॅग लावलेल्या मालाचा निर्णय दिवाळीनंतरच्या रविवारी आहे. समितीत काका, बायको, आणि व्हिडिओ कॉलवर बेंगळुरूहून मुलगा. मला मत नाही, कारण मी 'प्रोसेस ओनर' आहे, मी फक्त उत्तरं द्यायची. बैठक गॅरेजातच घ्यायची होती, पण बसायला स्टूल नाही, त्याच्यावर टॅग आहे. म्हणून ती काकांच्या घरी ठेवली आहे. चहा आमच्याकडून न्यायचा आहे.