वडील कुठल्या रेजिमेंटला होते ते सोडा, पलटण कुठली ते सांगा

हल्ली बरेच जण वडिलांची लढाईतली हकीगत शोधायला लागलेत, चांगलंच आहे, पण होतं काय की 'वडील मराठा रेजिमेंटला होते' एवढ्यावर गूगल करायचं आणि मराठ्यांची जी गाजलेली लढाई समोर येईल ती वडिलांच्या नावावर टाकून मोकळं व्हायचं. अहो, अख्खी रेजिमेंट एकत्र लढत नसते! लढते ती पलटण, म्हणजे बटालियन, आणि एकाच रेजिमेंटच्या पलटणी वेगवेगळ्या ब्रिगेडखाली (काही पलटणींचा गट म्हणजे ब्रिगेड) असतात. 1971 च्या भारत-पाक युद्धात तर काही पूर्वेला, काही पश्चिमेला.

आमचे अण्णा जंगी पलटणीत, म्हणजे 1 मराठा लाइट इन्फंट्री. घरी लढाईबद्दल फारसं बोलायचेच नाहीत, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरचं नाव तेवढं यायचं. बाकीचं कागदावरून जुळवलं. सुरुवात डिस्चार्ज बुकपासून, म्हणजे फौज सोडताना मिळणाऱ्या पुस्तिकेपासून करा, आर्मी नंबर, पलटण, मेडलं सगळं त्यात असतं. 'पूर्वी स्टार' हे मेडल असेल तर पूर्व आघाडी, 'पश्चिमी स्टार' असेल तर पश्चिम. नुसतं संग्राम मेडल असेल तर आघाडी कळत नाही.

मग ब्रिगेड. जंगी पलटण 95 माउंटन ब्रिगेडमध्ये, इथवर सोपं. आता त्याच्या वरची डिव्हिजन (काही ब्रिगेड मिळून होते ती) शोधायला जावं तर सापडतच नाही, कारण नव्हतीच! ब्रिगेड होती 101 कम्युनिकेशन झोन एरियाखाली, म्हणजे मुळात रसदीचं काम बघणारं हेडक्वार्टर, आणि ढाक्याकडची उत्तरेची वाट त्यांच्याकडे दिलेली. मराठ्यांनी जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवला, 10 डिसेंबरच्या रात्री 31 बलुच ही पाकिस्तानी पलटण तिथूनच फोडून बाहेर पडायला बघत होती, 11 ला जमालपूर पडलं. त्याच दिवशी ढाक्याच्या वाटेवर टांगाईलला 2 पॅरा ही आपली छत्रीधारी पलटण विमानातून उतरली आणि ही 2 पॅरा म्हणजे कोण, तर पूर्वीची 3 मराठा! पुढे जंगी पलटण जाऊन भेटली ती यांनाच. अण्णांनी हे कधी सांगितलं नाही, बहुतेक त्यांना त्यात विशेष काही वाटलं नसावं.

आता माझं खरं दुखणं. वॉर डायरीत, म्हणजे पलटणीच्या लढाईतल्या रोजच्या नोंदवहीत, जवानाचं नाव क्वचित येतं, पण पलटण त्या रात्री कुठे होती ते येतं, घरच्यांना तेवढंच हवं असतं. 2021 ला संरक्षण मंत्रालयाने धोरण काढलं की असे रेकॉर्ड साधारण 25 वर्षांत खुले करायचे. 71 ला पन्नासहून जास्त वर्षं झाली. सेनापतींची आत्मचरित्रं दुकानात मिळतात, शिपायाच्या पोराने मात्र कपाटातल्या डिस्चार्ज बुकावर भागवायचं, हे काही पटत नाही बुवा.