फक्त अर्धा तास खेळतो

चाळिशीच्या माणसाला व्हिडिओ गेम खेळायला वेळ मिळतो तो रात्री साडेदहानंतर. मुलगी झोपलेली असते, ऑफिसचा ग्रुप थंडावलेला असतो, बायको तिची मालिका लावून बसते. अशा वेळी मला फार काही नको असतं. चार राक्षस मारावेत, जमल्यास एखादी बँक लुटावी आणि शांतपणे झोपावं. पण गेम बनवणाऱ्यांचा आग्रह असतो की मी आधी ८६ जीबीचा अपडेट उतरवून घ्यावा.

१९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' अख्खा मिळून ४० केबीचा होता. त्यात आठ जगं, बत्तीस लेव्हल्स, कासवं, किल्ले आणि एक राजकन्या बसवली होती. जागा वाचवायला ढगांचंच चित्र हिरवं करून झुडपं म्हणून वापरलं होतं, आणि आमच्यापैकी कुणालाही ते लहानपणी कळलं नाही. माझ्या अपडेटमध्ये तसे वीस लाखांवर मारिओ मावतील. एवढं आहे तरी काय त्यात, म्हणून माहितीत पाहिलं तर लिहिलं होतं, "किरकोळ दुरुस्त्या." किरकोळ म्हणजे शत्रूच्या कपाळावरचा घाम, शंभर प्रकारचं गवत आणि दहा-बारा भाषांतले संवाद. मराठी त्यात नाही, हे सांगायला नकोच.

अपडेट उतरला की गेम सुरू होतो, असा समज गेम न खेळणाऱ्यांचा असतो. पडद्यावर पाटी येते, "शेडर्स कंपाइल होत आहेत." ही भानगड मी नीट समजून घेतली आहे, कारण ती चालू असताना वाचायला भरपूर वेळ मिळतो. उजेड, सावल्या, पाण्यावरची चमक हे सगळं दाखवणारे छोटे छोटे प्रोग्रॅम असतात. ते आपल्या ग्राफिक्स कार्डाला कळतील अशा रूपात आधी बदलून घ्यावे लागतात. कन्सोलवर, म्हणजे फक्त गेमसाठीच असलेल्या डब्यावर, सगळ्यांचं यंत्र सारखंच, त्यामुळे कंपनी हे काम आधीच उरकून पाठवते. पीसीवर ज्याचं त्याचं कार्ड वेगळं, म्हणून ज्याचं त्याने घरी करायचं. कार्डाचा ड्रायव्हर बदलला की बहुतेक वेळा पुन्हा पहिल्यापासून. आणि नवा ड्रायव्हर आल्याची सूचना मला नेहमी खुर्चीत बसल्यानंतरच मिळते.

मग लाँचर, म्हणजे गेम सुरू करून देणारा वेगळा प्रोग्रॅम. ज्या दुकानातून गेम घेतला त्याचा एक, आणि तो उघडला की त्याच्या पोटातून निघणारा गेमच्या कंपनीचा दुसरा. दुसरा पासवर्ड मागतो. पासवर्ड बदलून घेताना मी रोबो नाही हे सिद्ध करायला सिग्नल असलेले चौकोन निवडायला सांगतात. मी डोळे ताणून सगळे सिग्नल ओळखतो, आणि पाच मिनिटांनी गेममध्ये जाऊन तेच सिग्नल गाडीखाली घालतो.

एवढं करून गेम आपला होतो का? नाही. 'द क्रू' नावाचा गाड्यांचा गेम २०१४ साली आला होता. तो एकट्याने खेळायचा म्हटलं तरी सर्व्हरशी जोडलेलं राहावं लागे. ३१ मार्च २०२४ला, म्हणजे आपण वर्षअखेरीच्या नोंदी जुळवत असताना, युबिसॉफ्ट या त्याच्या कंपनीने सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला गेम सगळ्यांच्या घरात एकदम निकामी झाला. त्यावरून रॉस स्कॉट या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी केली. २०२५च्या जुलैपर्यंत तिच्या युरोपातल्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला, की 'खरेदी करा' असं बटण दाखवायचं असेल तर ग्राहकाला फक्त परवाना मिळतोय हे स्पष्ट सांगा. हे मी बायकोला समजावून सांगत होतो.

"म्हणजे पूर्ण पैसे भरले, आणि मालकी त्यांचीच?" ती म्हणाली.

"हो."

"त्यांच्या मनात आलं की बाहेर काढणार?"

"हो ना."

तिने टीव्हीचा आवाज कमी केला. "आपल्या सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय ना रे?"

त्या रात्री गेम राहिला बाजूला. बारा वाजेपर्यंत मी फायली उपसत होतो.

खरा जीव मात्र खातो तो गेममधला बाजार. त्याचा मूळपुरुष एक घोडा आहे. २००६मध्ये 'ऑब्लिव्हियन' या गेममध्ये घोड्याला घालायचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं. जग हसलं. घोड्याला चिलखत, तेही खोट्या, आणि पैसे खरे! हसून झाल्यावर लोकांनी ते घेतलं. २०२५ला त्याच गेमची नवी आवृत्ती आली, तिच्या महागड्या संचातही घोड्याचं चिलखत होतंच. मधल्या काळात माणसांचे कपडे सुरू झाले, मग नाच, मग बंद पेट्या, ज्यांत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमने २०१८मध्ये अशा पेट्यांना सरळ जुगार ठरवलं. त्याच्या आदल्या वर्षी 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २'मध्ये डार्थ व्हेडरसारखी मोठी पात्रं तासन् तास राबल्याशिवाय हाती लागत नव्हती. कंपनीने रेडिट या चर्चेच्या वेबसाइटवर खुलासा केला की यातून खेळाडूंना अभिमान आणि कर्तृत्वाची भावना मिळावी. त्या एका खुलाशाला साडेसहा लाखांहून जास्त नापसंतीचे बाण मिळाले आणि त्याची गिनीजमध्ये नोंद झाली. कर्तृत्व म्हणतात ते हेच.

माझा भाचा चौदा वर्षांचा. त्याला वाढदिवसाला गेममधला पांडाचा पोशाख हवा होता. पोशाख बाराशे नाण्यांचा, आणि नाणी मिळतात हजाराच्या थैल्यांत. दोन थैल्या घेतल्या. उरलेल्या आठशे नाण्यांत काहीच येत नाही. आठशेला येईल अशी वस्तू त्या दुकानात मुद्दाम ठेवलेलीच नाही, याची मला खात्री आहे.

"मामा, अजून दोनशे टाकले की टोपी येते," तो म्हणाला.

"दोनशेची थैली आहे का?"

"नाही. हजाराची."

पैसे नसतील तर हजेरी लावा. त्याला बॅटल पास म्हणतात. आज तीन मासे पकडा, उद्या पाच जणांना पाडा, परवा अमुक टेकडीवर जाऊन नाचा, आणि सीझन संपायला चारच दिवस उरलेत हे विसरू नका. एकदा रात्री मी कपाळाला आठ्या घालून त्या टेकडीवर नाचत होतो, तेव्हा बायकोने काळजीने विचारलं, ऑफिसचं काम घरी आणलंस का.

शिवाय या गेमांना आमच्या बुद्धीवर भरवसा नाही. जिथून वर चढायचं त्या प्रत्येक कड्याला पिवळा रंग फासलेला. तरीही कळलं नाही तर सोबतीचं पात्र असतंच. मी कोड्यासमोर नुसता उभा राहिलो की ते लगेच म्हणतं, "ती साखळी ओढून बघ ना!" पेपरातलं शब्दकोडं आपण सोडवत असताना खांद्यावरून वाकून मोठ्याने उत्तर सांगणारे एक काका प्रत्येक घरात असतात. त्यांना आता नोकरी लागली आहे.

बरं, एवढ्या कंपन्या या धंद्यात उतरल्या की आमची हजेरी पुरेना. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' हा गेम २३ ऑगस्ट २०२४ला बाजारात आला आणि खेळायला माणसंच मिळेनात म्हणून ६ सप्टेंबरला बंद झाला. पैसे परत दिले, हे त्यांचं चांगलं. दुसऱ्या दिवशी आपल्याकडे गणपती बसले. विसर्जन आधी उरकलेला तो एकच.

सध्या मी 'स्टारड्यू व्हॅली' खेळतो. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने बनवलेला, २०१६चा, शेती करायचा गेम. त्यात दुकान आहे, पण ते बियाण्याचं, आणि तिथे गेममधलीच नाणी चालतात. एवढ्या वर्षांत किती तरी नवीन गोष्टी त्याने फुकट घातल्या. बंद केला की तो बंद राहतो, मागून निरोप पाठवत नाही.

मध्यंतरी साताऱ्याहून अण्णा आले होते. गावाकडचं रान वाट्याने दिलेलं आहे आणि मुलगा रात्री ठाण्यात कॉम्प्युटरवर झारीने पाणी घालतोय, हे त्यांनी मागे उभं राहून बराच वेळ पाहिलं. काही बोलले नाहीत. मग खुर्ची ओढून बसले.

"हे काय लावलंयस?"

"पार्सनिप. मुळ्यासारखं असतं."

"बी केवढ्याला?"

"वीसला एक. विकला की पस्तीस येतात."

"मजुरी धरली तर काय उरतं त्यात?" ते म्हणाले. "आणि तयार कधी होतो?"

"चार दिवसांत."

अण्णांनी चष्मा पुसून पुन्हा घातला आणि पडद्याच्या जवळ सरकले. "चार दिवसांत? कुठल्या कंपनीचं बियाणं हे? पिशवीवरचं नाव वाच बघू."