‘क्वांटम मोटर’ पोकळीतून ऊर्जा काढत नाही

काही अणूंची एक ‘क्वांटम मोटर’ शास्त्रज्ञांनी बनवली असून ती घेतलेल्या विजेपेक्षा जास्त ऊर्जा देते, वरची ऊर्जा निर्वात पोकळीतून ओढते, घर्षण नसल्याने एकदा सुरू झाली की थांबत नाही, एका इलेक्ट्रॉनवर चालते, तिला नोबेल मिळाले आहे आणि अशा कोट्यवधी मोटरी जोडून लवकरच बॅटरीविना गाडी धावेल, असे सांगणारी एक चित्रफीत सध्या सगळीकडे पाठवली जात आहे. माझ्या मामांनी ती मला पाठवली आणि तिच्या शेवटी मागितलेली आगाऊ नोंदणीची रक्कम भरावी का, असे विचारले. मामांनी आयुष्यभर मोटरींचे वाइंडिंग केले आहे. त्यांनाही जे खरे वाटू शकते, त्याचे उत्तर सविस्तर देणे भाग आहे.

आधी ऊर्जेचा मुद्दा, कारण बाकीचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड थाउलेस यांनी १९८३ मध्ये दाखवले की इलेक्ट्रॉन ज्या विभवातून, म्हणजे ऊर्जेच्या चढ-उतारांतून, वाहतात ते विभव सावकाश आणि चक्राकार बदलत नेले, तर योग्य परिस्थितीत प्रत्येक चक्रात पूर्णांकी संख्येनेच इलेक्ट्रॉन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ढकलले जातात. हाच पंप उलटा चालवला, म्हणजे दोन टोकांना व्होल्टेज देऊन इलेक्ट्रॉनांना वाहू दिले, की चक्राशी जोडलेला भाग फिरतो. बुस्तोस-मारून, रेफाएल आणि फॉन ओपेन या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडलेली क्वांटम मोटरीची कल्पना ती हीच. एका फेऱ्यातील काम म्हणजे त्या फेऱ्यात पंप झालेला विद्युतभार गुणिले व्होल्टेज. एक इलेक्ट्रॉन आणि ०.१ व्होल्ट असतील, तर काम ०.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट (एक इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे एका इलेक्ट्रॉनला एक व्होल्टमधून जाताना मिळणारी ऊर्जा); त्यातला कणही पोकळीतून आलेला नसतो, सगळा विजेच्या स्रोतातून आलेला असतो. जे इलेक्ट्रॉन काहीही न फिरवता निघून जातात, त्यांची ऊर्जा शेवटी उष्णता होते. म्हणून कार्यक्षमता आदर्श स्थितीत शंभर टक्क्यांच्या जवळ जाऊ शकते, पण ती ओलांडू शकत नाही.

विद्युतप्रवाहामुळे अणूवर येणारे बल असे असू शकते की अणू बंद वाटेवरून फिरून मूळ जागी आला तरी त्यावर झालेले एकूण काम शून्य होत नाही. हे खरे आहे आणि चित्रफीत त्याचाच आधार घेते. परंतु बेलफास्टच्या डंडस, मॅकएनिरी आणि टोडोरोव्ह यांनी २००९ मध्ये हे मांडताना त्याला अणूंची पाणचक्की म्हटले होते, आणि पाणचक्की पाण्याचा उतार वापरते, निर्माण करीत नाही. व्होल्टेज काढून घेतले की ते कामही संपते.

राहिली शून्यबिंदू ऊर्जा, म्हणजे निर्वात पोकळीतही उरणारी ऊर्जा, जिच्यातून मोटर ऊर्जा ओढते असे चित्रफीत सांगते. ती अस्तित्वात आहे, भौतिकशास्त्रज्ञ कासिमिर यांनी १९४८ मध्ये वर्तवलेले, पोकळीत समोरासमोरच्या दोन धातूच्या पट्ट्यांना जवळ ओढणारे बल मोजलेही गेले आहे, इतके मी मान्य करतो. पण शून्यबिंदू ऊर्जा ही प्रणालीच्या सर्वांत खालच्या अवस्थेची ऊर्जा असते, आणि तिच्या खाली उतरायला जागाच नसते. कासिमिर बलाने दोन पट्ट्या जवळ आल्यावर थोडे काम मिळते. त्या पुन्हा दूर नेताना तेवढेच काम परत द्यावे लागते. मोटरीला प्रत्येक फेऱ्यानंतर मूळ स्थितीत यावेच लागते, त्यामुळे हा मार्ग तिला बंदच आहे.

घर्षण नसल्याच्या दाव्याला स्वित्झर्लंडमधील एम्पा आणि ईपीएफएल या संस्थांच्या संशोधकांचा २०२० मधील एकच प्रयोग पुरेसा आहे. त्यांची मोटर खरोखर सोळा अणूंची आहे: सहा पॅलेडियम आणि सहा गॅलियम अणूंच्या बैठकीवर फिरणारा चार अणूंचा अ‍ॅसिटिलीनचा रेणू. सुमारे १७ केल्व्हिनच्या (उणे २५६ अंश सेल्सिअसच्या) खाली हा रेणू ऊर्जेचा अडथळा चढून जात नाही, टनेलिंगने, म्हणजे क्वांटम नियमांनुसार अडथळ्याच्या आरपार जाऊन, पार होतो, आणि तरीही ९९ टक्के वेळा एकाच दिशेने फिरतो. टनेलिंगमध्ये ऊर्जा मुळीच खर्च झाली नसती, तर दोन्ही दिशा सारख्याच संभाव्य ठरल्या असत्या. उष्मागतिकीचा दुसरा नियम तेच सांगतो. म्हणजे दिशा टिकते ती ऊर्जा वाया जाते म्हणूनच, आणि चित्रफितीने नेमके याच्या उलट सांगितले आहे.

एका इलेक्ट्रॉनचा दावा अर्धा खरा आहे. त्याच मोटरीत एका इलेक्ट्रॉनची ऊर्जा रेणूला एक षष्ठांश फेरा फिरवू शकते, पुढच्या टप्प्याला दुसरा इलेक्ट्रॉन हवा. तिला चुंबक आणि वाइंडिंग लागत नाही, हेही खरे. नोबेलचे मात्र खोटे आहे: २०१६ चे रसायनशास्त्राचे नोबेल सोव्हाज, स्टॉडार्ट आणि फेरिंगा यांना रेणूयंत्रांसाठी मिळाले, आणि फेरिंगा यांची १९९९ मधील मोटर प्रकाशावर चालणारी होती. त्याच वर्षी थाउलेस यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, पण तेही कोणत्या मोटरीसाठी नव्हे.

गाडीच्या दाव्यावर लोकांचे पैसे जात आहेत, म्हणून त्याचा हिशेब मांडतो. एका मोटरीने सेकंदाला दहा लाख वेळा प्रत्येकी एक इलेक्ट्रॉनव्होल्ट काम केले, असे उदारपणे धरले तरी १० किलोवॉटसाठी सुमारे सहा कोटी अब्ज मोटरी लागतील. आकाराने त्या मावतीलही, परंतु त्या सर्वांना मिळून किमान १० किलोवॉट वीज बाहेरून द्यावीच लागेल, आणि ती देणारी वस्तू बॅटरीच असेल. शिवाय खोलीच्या तापमानाला उष्णतेचे हेलकावे सुमारे ०.०२५ इलेक्ट्रॉनव्होल्टचे असतात, आणि एम्पाचा रेणू तिथे सेकंदाला लाखो वेळा दोन्ही दिशांनी वाटेल तसा फिरतो. दिशा हवी असेल तर सगळे १७ केल्व्हिनच्या आसपास थंड ठेवावे लागेल, आणि तिथे निर्माण झालेली एक ज्यूल उष्णता बाहेरच्या ३०० केल्व्हिनला नेऊन टाकायला आदर्श शीतयंत्रालाही सोळा ज्यूलहून जास्त काम करावे लागते.