‘विचार बदला, स्किझोफ्रेनिया जाईल’ ह्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात तालमीच्या ग्रुपवर एक मेसेज पडला, मग तोच भावकीच्या ग्रुपवर, मग बायकोच्या माहेरच्या ग्रुपवर, तीन दिवसांत मला पाच जणांकडनं आला. थोडक्यात त्यात असं आहे: स्किझोफ्रेनिया हा मेंदूचा आजार नाहीच, ती विचार करायची चुकीची सवय आहे, पेशंटला ऐकू येणारा आवाज त्याचाच असतो हे मानसशास्त्रानं सिद्ध केलंय, म्हणजे विचार बदलले की आजार गेला, गोळ्या नुसत्या झोपवतात, आणि ह्या लोकांच्यात दोन माणसं राहतात म्हणून सांभाळून राहा.

पाठवणाऱ्यांनी चांगल्या मनानंच पाठवलं असणार. पण परवा गल्लीतल्या एका काकूंनी मला दारातच थांबवून विचारलं, "बाळ, मग पोराच्या गोळ्या बंद करू काय?" म्हणून लिहायला बसलो. माझ्या थोरल्या भावाला हा आजार होऊन १४ वर्षं झाली. हे त्याला विचारून लिहितोय.

पहिला मुद्दा, आवाज त्याचाच असतो. ह्यात खरं आहे थोडं, आणि तेवढ्यामुळंच माणूस फसतो. आपण सगळेच मनात बोलतो, "गॅस बंद केला का, वीजबिल भरायचंय" असं दिवसभर चालू असतंय आणि ते बोलणं आपलंच आहे हे कुणी सांगावं लागत नाही. क्रिस्टोफर फ्रिथ म्हणून ब्रिटिश शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९९२ साली मांडलं की मेंदू स्वतः काही करायच्या आधी स्वतःलाच एक सूचना देतो, ‘हे मी करतोय’ म्हणून, आणि ह्या आजारात ती सूचना नीट पोचत नाही. मग शब्द आपल्याच मनातला पण शिक्का दुसऱ्याचा. हे समजायला सोपं उदाहरण गुदगुल्यांचं. स्वतःच्या तळहाताला स्वतः गुदगुल्या करून बघा, होत नाहीत, कारण मेंदूला आधीच माहीत असतंय हात कुणाचा ते. २००० साली फ्रिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं, तर ज्यांना आवाज ऐकू येतात किंवा ‘माझं शरीर दुसरंच कोणतरी हलवतंय’ असं वाटतं त्या पेशंटना स्वतःचा स्पर्श आणि दुसऱ्याचा स्पर्श जवळजवळ सारखाच लागत होता.

आता सांगा, हा माणूस नाटक करतोय का? एकदा रंकाळ्याच्या कठड्यावर बसलो होतो, दादाचे ओठ बारीक हलत होते, मी म्हणलं दादा तू बोलालाईस बघ, तर तो म्हणला, "मी नाही रे, ते मागनं येतंय, उजव्या खांद्याच्या मागनं." नुसतं येतंय म्हणला नाही, खांदासुद्धा सांगितला. त्याला "तुझाच आवाज आहे, सोड की" म्हणून काय होणार? आवाज कुठून तयार होतो हे कळणं वेगळं आणि तो थांबवता येणं वेगळं, मेसेजवाल्यानं दोन्ही एकच करून टाकलंय.

दुसरा, ‘चुकीची सवय’. सवय म्हणलं की दोष आला, म्हणजे पोरगं बिघडलं किंवा आईनं लाडावलं. आमच्या आईनं ही वाक्यं लय ऐकलीत, अजून कधी कधी रात्री उठून बसते. इथं संशोधन काय सांगतंय बघा. १९८८ साली लंडनमधल्या हक, गॅरेटी आणि हेम्सली ह्या तीन संशोधकांनी मण्यांचा प्रयोग केला. दोन बरण्या, एकीत एका रंगाचे ८५ मणी आणि दुसऱ्या रंगाचे १५, दुसरीत बरोबर उलटं. बरणी लपवून तिच्यातला एकेक मणी काढून दाखवायचा आणि विचारायचं, हे मणी कुठल्या बरणीतले ते सांगता येईल का. भ्रम असलेले, म्हणजे खरी नसलेली गोष्ट पक्की खरी वाटणारे पेशंट बाकीच्यांपेक्षा कमी मणी बघून खात्रीनं सांगत होते, काहीजण तर एकाच मण्यावर. पुढं हे बऱ्याच वेळा दिसलं, पण प्रत्येक पेशंटमध्ये दिसत नाही, तेही सांगायला पाहिजे.

आमच्या घरात त्या मण्याच्या जागी मोटरसायकल होती. समोरच्या पानपट्टीवर एक काळी गाडी रोज सातला थांबायची, दादाला पहिल्या दिवशीच पक्कं झालं की हा मला बघायलाच येतोय. पण ती गाडी एवढी डोळ्यात का भरली? शितिज कपूर ह्या मानसोपचारतज्ज्ञांनी २००३ साली मांडलं की डोपामिन ह्या मेंदूतल्या रसायनाचा कारभार बिघडला की साध्या साध्या गोष्टींना फार मोठं महत्त्व चिकटतं, कुकरची शिट्टी, कुणाची तरी नजर, गाडीचा नंबर, सगळं ‘माझ्यासाठीच’ वाटायला लागतं. आणि मग माणूस त्याचा अर्थ लावायला बघतो, तुम्ही-आम्ही पण तेच केलं असतं. म्हणजे विचारांची गडबड आणि मेंदूची गडबड हे दोन वेगळे पक्ष नाहीतच, एकाच गोष्टीकडं दोन बाजूंनी बघणं आहे.

अजून एक, ज्याबद्दल कुणी मेसेज करत नाही. ह्या आजारात लक्ष आणि तात्पुरती आठवण पण कमी पडते. दादाला महाद्वार रोडवरनं तीन वस्तू आणायला सांगितल्या तर एक यायची आणि आम्ही आळशी म्हणायचो, मी सुद्धा म्हणलोय आणि त्याचं मला आज वाईट वाटतंय. आता चिठ्ठी देतो, तिन्ही येतात.

तिसरा, ‘विचार बदलले की आजार गेला’. विचारांवर काम करणारी थेरपी आहे, सीबीटी म्हणतात, उपचार कसे करावेत ते सांगणारी इंग्लंडची नाईस ही संस्था कमीत कमी १६ सेशन सांगते, पण गोळ्यांच्या जोडीनं. फायदा होतो, पण बेताचाच. आणि त्यात ‘पॉझिटिव्ह विचार करा’ असलं काही नसतं. दादाची थेरपी घेणाऱ्या मॅडमनी त्याला एकदा पण खोटं ठरवलं नाही. एक वही करायला लावली, डाव्या बाजूला ‘गाडीवाला माझ्यासाठी येतो’, पुढं खात्री किती, उजव्या बाजूला अजून काय काय कारणं असतील. पहिल्या पानावर १०० टक्के आहे. मग ‘पान खायला येत असेल’, मग ‘कामावरनं सुटायची वेळ असेल’, सहाव्या आठवड्याला ७०. त्या ७० साठी तो किती घामाघूम व्हायचा ते मी बघितलंय, आणि औषध चालू नसतं तर तो त्या खुर्चीत पंधरा मिनिटं पण बसू शकला नसता.

गोळ्यांचं आता सरळच सांगतो. पहिलं औषध क्लोरप्रोमाझिन, १९५२ साली पॅरिसमध्ये वापरात आलं. नुसतं झोपवायचंच असतं तर झोपेच्या गोळ्या आधीपासून होत्याच की. २०१२ साली ६५ चाचण्या एकत्र करून बघितलं तेव्हा औषध चालू ठेवलेल्यांपैकी २७ टक्क्यांचा आजार वर्षभरात उलटला, बंद करून नकली गोळी दिलेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा. त्रास होतो हे पण खरंय, वजन वाढतं, सुस्ती येते, हातपाय ताठतात, दादाचं वजन ११ किलो वाढलं. पण ते डॉक्टरांना सांगून डोस किंवा गोळी बदलून घ्यायची गोष्ट आहे. आपल्या मनानं डबी कचऱ्यात टाकायची नाही.

आणि ती ‘दोन माणसं’. ब्लॉयलर ह्या स्विस डॉक्टरनं १९०८ साली हे नाव काढलं, ग्रीक शब्दांत ‘दुभंगलेलं मन’, त्याला म्हणायचं होतं विचार, भावना, वागणं ह्यांची एकमेकांशी असलेली सांगड सुटते. एका अंगात दोन माणसं हा वेगळाच विषय. आमच्या घरात दादा एकच आहे.

काकू, तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर, गोळी बंद करू नका. तो दिवसा फार झोपतोय ते डॉक्टरांना सांगायचंय, रात्री किती वाजता देताय आणि सकाळी किती वाजता उठतोय तेवढं आठ दिवस एका कागदावर लिहा. मधेच रात्री काही वाटलं तर १४४१६ हा सरकारच्या टेलीमानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा नंबर आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. सोमवारी सकाळी मी रिकामा आहे, दादा पण येतो म्हणलाय, आपण चौघं मिळून जाऊ.