‘कधीही न हरलेले चोळ’: एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

तमिळ प्रदेशातील चोळ राजांनी पंधराशे वर्षे अखंड राज्य केले, ते एकही लढाई हरले नाहीत, राजेंद्र चोळाने आग्नेय आशिया जिंकून तेथे सत्ता चालवली आणि तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराची सावली जमिनीवर पडत नाही, असा मजकूर समाजमाध्यमांवर फिरत आहे. त्यातील एकेक विधान पुराव्यांशी ताडून पाहू.

‘पंधराशे वर्षे’ हा आकडा हवेतला नाही. अशोकाच्या शिलालेखांत चोळांचा उल्लेख येतो आणि शेवटचा चोळ राजा तिसरा राजेंद्र याची कारकीर्द 1279 मध्ये संपते. खोटा आहे तो ‘अखंड’ हा शब्द. संगमकालीन (प्राचीन तमिळ संगम साहित्याच्या काळातील) चोळांनंतर कित्येक शतके तमिळ प्रदेशावर मुख्यतः कांचीचे पल्लव आणि मदुराईचे पांड्य यांचे वर्चस्व होते. सुमारे 850 मध्ये मुत्तरैयर सरदारांकडून तंजावर घेणारा चोळ राजा विजयालयही आरंभी पल्लवांचा मांडलिकच होता. पुढे 1070 मध्ये गादीवर आलेला पहिला कुलोत्तुंग तर पित्याकडून आंध्रातील वेंगीचा चालुक्य होता; चोळ रक्त त्याच्याकडे आईकडून आले होते.

अपराजित असल्याचा दावा सर्वांत कच्चा आहे. 949 मध्ये तक्कोलम येथे राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि त्याचा गंग सहकारी बुतुग यांच्याशी झालेल्या लढाईत चोळ युवराज राजादित्य हत्तीवर बसलेला असतानाच मारला गेला. ही केवळ शत्रूची बढाई म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण नेदरलँड्समधील लायडनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चोळांच्याच ताम्रपटात त्याला रणांगणावर आलेल्या वीरमरणाचे वर्णन आहे. विजेत्याची बाजू वाचायची तर फार दूर जावे लागत नाही. आपल्या कऱ्हाडला सापडलेला कृष्णाचा 959 चा ताम्रपट दक्षिणेत मेलपाडी येथे छावणी असताना दिलेला असून, जिंकलेले दक्षिणेकडील प्रांत आपल्या आश्रितांना वाटून देण्याचा उल्लेख त्यात आहे. या धक्क्यातून सावरून चोळ राजा राजराजाने 985 नंतर साम्राज्य उभे केले, ही गोष्ट ‘कधी हरलेच नाहीत’ या घोषणेपेक्षा मला कितीतरी अधिक रोचक वाटते. पुढे 1054 मध्ये कोप्पम येथे कल्याणीच्या चालुक्यांशी लढताना चोळ राजा राजाधिराज मारला गेला, तेव्हा त्याच्या धाकट्या भावाने रणांगणातच राज्याभिषेक करवून घेऊन बाजी उलटवली.

राजेंद्राची 1025 ची आरमारी मोहीम खरी आहे. तंजावरच्या शिलालेखात मलाय द्वीपकल्पातील कडारम, सुमात्रातील श्रीविजय, पन्नै अशा ठिकाणांची लांबलचक यादी आणि कडारमच्या राजाला पकडल्याचा उल्लेख आहे. मात्र तेथे चोळांनी प्रांत वसवून दीर्घकाळ कारभार केल्याचा पुरावा मिळत नाही. श्रीलंकेत तो मिळतो: पोलोन्नरुवातून चोळांनी खरोखर राज्य केले आणि 1070 मध्ये सिंहली राजा विजयबाहूने त्यांना तेथून घालवले. शिवाय श्रीविजयाशी त्यांचे नाते केवळ वैराचे नव्हते. राजादित्याच्या मृत्यूची नोंद करणारा तोच लायडन ताम्रपट तेथील राजाने नागपट्टिनमला बांधवलेल्या बौद्ध विहाराला चोळांनी आनैमंगलम हे गाव दिल्याची सनद आहे.

राहिली सावली. सुमारे साठ मीटर उंचीच्या दगडी विमानाची (गाभाऱ्यावरील शिखराची) सावली पडते आणि सकाळी किंवा सायंकाळी काढलेल्या छायाचित्रांत ती दिसते. भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा 1803 चा मराठी शिलालेख याच मंदिराच्या भिंतीवर आहे. तो वाचायला जाणाऱ्यांनी अंगणात नजर टाकली तरी पुरे.