'शिकून आले' हा शब्द चुकलाच, पण…

नमस्कार. विद्यार्थ्यांना गामेलान, म्हणजे धातूच्या पट्ट्या हातोडीने वाजवायचा तिथला वाद्यवृंद, ऐकायला-वाजवायला इंडोनेशियातल्या बालीला नेलं होतं, त्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तीन आठवड्यांत गामेलान 'शिकून आले' म्हणणं ही थट्टा आहे, ही निव्वळ सहल, सगळं यूट्यूबवर आहे, फ्रेंच संगीतकार देब्यूसीने १८८९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात जावाचं गामेलान ऐकलं, तो कुठे जावाला गेला होता, आणि या मुलांनी आधी आपला सा नीट लावावा. जाता जाता सारोंगमधल्या फोटोंना 'फॅन्सी ड्रेस'ही म्हणून घेतलंत.

फोटोंचं आधी उरकतो. तिथल्या देवळात शिरायचं तर कमरेला वस्त्र गुंडाळून वर पट्टा बांधावाच लागतो, पर्यटकालाही. हौसेचा प्रश्न नाही.

'शिकून आले' हे शब्द माझे आणि ते चुकलेच. मुलं एकच छोटी रचना, तीही निम्म्या लयीत, कशीबशी वाजवू लागली. लेखातलं वाक्य आज दुरुस्त केलंय.

यूट्यूबचं मात्र पटत नाही, आणि त्याचं कारण आमच्यातल्याच एका मुलाने पुरवलं. कानाचा पक्का मुलगा. निघायच्या आधी महिनाभर व्हिडिओ लावून त्याने एक जलद धून पेटीवर बसवली होती, स्वर न् स्वर बरोबर. पहिल्या दिवशी त्याने ती ऐकवली. गुरुजी हसले आणि म्हणाले, छान आहे, पण हे इथे कुणीच वाजवत नाही! झालं होतं असं की बालीत जलद धून दोन वादकांत वाटलेली असते. एकाचा भाग पोलोस, दुसऱ्याचा सांगसिह. एकाच्या रिकाम्या जागा दुसरा भरतो, याला कोतेकान म्हणतात. ऐकणाऱ्याला सलग धून ऐकू येते, पण ती कुणा एकाच्या हातात नसते. आता त्याला नुसतं पोलोस वाजवायचं होतं. समोरून सांगसिह सुरू झालं की दोन आवर्तनांत त्याचा हात आपोआप दुसऱ्याच्या स्वरांवर जायचा. कानात पूर्ण धून बसलेली, तीच आडवी येत होती. तो पाठ सुटायला त्याला पाच दिवस लागले.

शिकवण्याची तऱ्हाही पाहण्यासारखी. गुरुजी वाद्याच्या पलीकडे, मुलासमोर बसतात आणि उलट्या बाजूने वाजवतात, म्हणजे त्यांचा डावा-उजवा सगळा फिरलेला. मुलाने हातोडीकडे बघत मागे मागे जायचं. वही नाही. उजव्या हाताने पुढची पट्टी वाजवताना डाव्या चिमटीत आधीची पट्टी धरून तिचा नाद मिटवायचा. चिमटीला क्षणभर उशीर झाला की सगळा गलका. कुणाची चिमटी उशिरा पडते हे गुरुजी न बघता ओळखायचे, आणि हात लांबवून ती पट्टी स्वतःच धरायचे.

आता सा. तुमचा हा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटला, फक्त तुम्ही म्हणता त्याच्या उलट कारणाने. ज्यांचा सा पक्का, तेच पहिल्या दिवशी अस्वस्थ झाले. "सर, ही जोडी बेसूर आहे," एक मुलगी कुजबुजली. बालीत जोडीतलं एक वाद्य मुद्दाम किंचित खाली आणि दुसरं किंचित वर लावतात. सेकंदाला पाच ते आठ कंपनांचा फरक. दोन्ही एकदम वाजली की स्वर थरथरतो. त्या थरथरीला तिथे ओम्बाक म्हणतात, म्हणजे लाट. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा लावताना आपण जी लाट विरेपर्यंत कान लावून बसतो, ती हे लोक जपून ठेवतात. ज्याचा सा कच्चा, त्याला यातलं काही जाणवलंच नाही. तेव्हा सा आधी हवाच, पण तो घेऊन घरीच का बसायचं?

देब्यूसी गेला नाही, खरं. पण त्याने ऐकलं ते जावाहून आलेल्या वादकांकडून, प्रत्यक्ष. आणि त्याला हवं ते आपल्या रचनांसाठी घ्यायचं होतं. गामेलानमध्ये बसून वाजवायचं नव्हतं. संगीतकार कॉलिन मॅकफीने तर न्यूयॉर्कमध्ये बालीच्या तबकड्याच ऐकल्या. त्यावर त्याचं भागलं नाही, १९३१ साली तो बालीला गेला आणि ते दशक बहुतेक तिथेच काढलं.

तीन आठवडे अपुरे आहेत, यावर आपलं दुमत नाही. इंडोनेशिया सरकारची दर्मासिस्वा ही शिष्यवृत्ती आहे, १९७४ साली आसियान देशांपुरती सुरू झालेली, पुढे इतरांनाही खुली. पदवी मिळत नाही. तिथल्या संस्थेत राहून भाषा, संगीत, नृत्य शिकता येतं. आमच्यातला एकजण त्यासाठी अर्जाची जमवाजमव करतोय. यूट्यूबवरून धून बसवून गेलेला, तोच.